फारिनेल्लीचा आवाज आणि फारिनेल्लीची हाडे

कास्त्राती गायकांवरचे माहितीपट साधारण एकाच वळणाने जातात. मेणबत्तीचा मंद उजेड, गरम पाण्याचे पिंप, अफूने गुंगलेला एक लहान मुलगा आणि कुणाच्या तरी हातातला चाकू. पुढच्या दृश्यात तोच मुलगा पिसांचा मुकुट घालून रंगमंचावर उभा असतो, त्याच्या तोंडून अमानवी वाटावा असा उंच सूर निघतो आणि बायका मूर्च्छित पडतात. चाकू आणि चमत्कार यांच्यामधली वर्षे कापून टाकलेली असतात. या माहितीपटांचा लाडका नायक म्हणजे अठराव्या शतकातला इटालियन गायक फारिनेल्ली. त्याच्या आयुष्याची बरीच माहिती आज उपलब्ध आहे. त्याच्या हाडांचाही वैद्यकीय अभ्यास झालेला आहे. पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा ती माहिती अधिक विचार करायला लावणारी आहे.

त्याचे खरे नाव कार्लो ब्रोस्की. जन्म २४ जानेवारी १७०५ रोजी, दक्षिण इटलीतल्या आंद्रिया या गावी. वडील साल्व्हातोरे संगीतकार होते आणि काही काळ त्यांनी सरकारी अधिकाराची पदेही सांभाळली होती. म्हणजे घर अगदी दरिद्री नव्हते. थोरला भाऊ रिकार्दो संगीतरचना शिकत होता, धाकट्या कार्लोचा गळा लहानपणापासून गोड होता. कुटुंब नेपल्सला राहायला आले आणि १७१७ मध्ये वडील अकाली वारले. कार्लो तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली ती याच सुमारास, असे सामान्यतः मानले जाते. घोड्यावरून पडल्यामुळे ती करावी लागली, असे कारण पुढे सांगण्यात आले. हे कारण त्या काळी अनेकांच्या बाबतीत सांगितले जाई. कुणी घोड्यावरून पडलेला, कुणाला रानडुकराने धडक दिलेली. मुलाला असे जायबंदी करणे हा चर्चच्या आणि राज्याच्या कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे घरोघर अपघात घडत होते.

मग एवढी मागणी होती कुणाची? चर्चचीच. स्त्रियांनी चर्चमध्ये गाऊ नये असा दंडक होता आणि पोपच्या राज्यात त्यांना रंगमंचही बंद होता. उंच पट्टीतले सूर तर हवेच होते. लहान मुले गात, पण मुलगा गायला तयार होईपर्यंत त्याचा आवाज फुटे. यावर शोधलेला मार्ग म्हणजे आवाज फुटूच न देणे. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये असे गायक सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून होते. स्त्रियांना रंगमंच बंद असण्याची परिस्थिती आपल्यालाही अपरिचित नाही. मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करत आणि बालगंधर्वांनी त्या गाजवल्या. मात्र आपल्या प्रौढ पुरुषी गळ्याने, शरीराला चाकू न लावता. तरुण फारिनेल्लीने रोममध्ये स्त्रीभूमिका केल्या, त्या मात्र वेगळ्या शरीराने.

या शरीरात नेमके काय झाले होते?

मुलगा आणि मुलगी यांच्या स्वरयंत्रात लहानपणी फारसा फरक नसतो. वयात येताना मुलाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागते. त्याच्या प्रभावाने स्वरयंत्राच्या कूर्चा वाढतात, गळ्यावर कंठमणी दिसू लागतो, स्वरयंत्र थोडे खाली सरकते आणि आतले स्वरतंतू लांब व जाड होतात. तार लांब आणि जाड झाली की सूर खाली जातो. लहान मुलाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा कंप पावतात, प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात शंभर ते सव्वाशे वेळा. मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो, मुलींचा दोन-तीन स्वरांनीच. वयात येण्यापूर्वी वृषण काढले, किंवा त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या कापल्या, तर हे सारे घडतच नाही. स्वरतंतू आखूडच राहतात.

पण बाकीचे शरीर थांबत नाही. हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथे हाड लांबीला वाढते. वाढीचे वय संपले की या पट्ट्या हाडात रूपांतरित होतात आणि उंची थांबते. पट्ट्या बंद करण्याचा आदेश इस्ट्रोजेन देते. स्त्रियांचे म्हणून ओळखले जाणारे हे संप्रेरक पुरुषांच्या शरीरातही असते आणि ते बऱ्याच अंशी टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. टेस्टोस्टेरॉन नाही, म्हणून पुरेसे इस्ट्रोजेन नाही, म्हणून पट्ट्या उघड्या राहिल्या आणि हातपाय लांबच लांब होत गेले. त्या काळच्या व्यंगचित्रांत कास्त्राती गायक ताडमाड उंच आणि सहकलाकारांच्या डोक्यावरून पाहणारे काढलेले असतात. चित्रकाराने त्यात अतिशयोक्ती केली असेल, पण शरीरशास्त्र त्याच्या बाजूने आहे.

म्हणजे गळा मुलाचा, फुप्फुसे प्रौढ पुरुषाची. पायपेटीचा मोठा भाता हातपेटीच्या छोट्या पट्ट्यांना जोडला तर काय होईल, तसे काहीसे. सूर बारीक, पण त्यामागे दमसास मोठा. फारिनेल्लीचा पल्ला सुमारे तीन सप्तकांचा होता, असे त्या काळच्या जाणकारांच्या वर्णनांवरून आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या रचनांवरून दिसते. रोममध्ये वयाच्या सतराव्या वर्षी त्याने एका ट्रम्पेटवादकाशी दमाची स्पर्धा केली आणि वादक थकून थांबल्यावरही हा त्याच श्वासात तानांवर ताना घेत राहिला, ही कथा युरोपभर पसरली. जवळपास प्रत्येक माहितीपटात ती असते.

नसते ती त्या आधीची पाच-सहा वर्षे. नेपल्समध्ये फारिनेल्लीचे गुरू होते निकोला पोर्पोरा, त्या काळचे सर्वांत कडक गायनशिक्षक. श्वास कसा भरायचा, कसा राखायचा, एकाच सुराला हळूहळू फुलवून पुन्हा बारीक कसे करायचे, याचा वर्षानुवर्षे रोजचा रियाज. श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू मुलगा वाढत असतानाच असे घडवले जात. याचा पुरावा दुसऱ्या एका प्रसिद्ध कास्त्रातोच्या सांगाड्यात सापडला आहे. १८२१ मध्ये पादुआला वारलेल्या गास्पारे पाक्येरोत्तीच्या हाडांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनाचे स्नायू जिथे हाडांना चिकटतात तिथल्या खुणा आणि मानेच्या मणक्यांची झीज ही आयुष्यभराच्या गाण्याची निशाणी असल्याचे संशोधकांनी त्यात नोंदवले.

चाकूने आवाज घडत नव्हता. चाकू फक्त एक शक्यता उघडी ठेवत होता, आणि बाकी अनेक कायमच्या बंद करत होता. ज्यांचा गळा पुढे सामान्य निघाला ती मुले कुठल्या तरी गावच्या चर्चमध्ये किरकोळ पगारावर गात राहिली. त्यांना लग्न करण्याची परवानगी नव्हती, मुले होणे शक्य नव्हते. शिवाय जंतुनाशकांचा वापर अजून दीड शतक दूर होता, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या तापात काही दगावलीही असणार. वर्षाला चार हजार मुलांवर ही शस्त्रक्रिया होई, असा आकडा पडद्यावर बिनदिक्कत सांगितला जातो. त्याला भक्कम नोंदींचा आधार नाही आणि तो फारच फुगलेला आहे. खरा आकडा लहान असला तरी गुन्हा लहान होत नाही. तो फुगवण्याची गरज नव्हती.

फारिनेल्ली मात्र यशस्वी झाला. १७२० मध्ये पोर्पोरांच्या एका रचनेतून तो नेपल्समध्ये पुढे आला. तिचे काव्य पिएत्रो मेतास्तासियो या तरुण कवीचे होते. दोघांनी एकाच वेळी नाव कमावले, एकमेकांना जुळे भाऊ मानले आणि ही मैत्री पत्रांतून आयुष्यभर टिकली. रोम, व्हेनिस, बोलोन्या, व्हिएन्ना असे गाजवून १७३४ मध्ये तो लंडनला गेला. तिथे हॅण्डेलच्या मंडळीविरुद्ध उमरावांनी दुसरी ऑपेरा कंपनी उभी केली होती आणि पोर्पोरा तिचे संगीतकार होते. भाऊ रिकार्दोची एक रचना फारिनेल्लीने तिथे गायली तेव्हा नाटकात क्रूर राजा झालेला ज्येष्ठ गायक सेनेसिनो आपली भूमिका विसरला आणि त्याने बंदिवान झालेल्या फारिनेल्लीला भर रंगमंचावर मिठी मारली, असे सांगतात. लंडनने त्याच्यावर पैसे आणि भेटवस्तूंची खैरात केली, आणि त्याची यथेच्छ टिंगलही केली. हाच तो काळ ज्यावर चित्रपट निघतात.

१९९४ चा जेरार कोर्बियो यांचा चित्रपट त्यांतला सर्वांत गाजलेला. दोघे भाऊ मिळून बायकांना भुलवतात, असा त्याचा मुख्य धागा. फारिनेल्लीच्या चरित्रात याला काही आधार नाही आणि वैद्यकशास्त्रातही ते सहज बसत नाही. वयात येण्यापूर्वीच टेस्टोस्टेरॉन थांबले तर लैंगिक अवयवांची वाढ होत नाही आणि कामेच्छाही बहुधा कमी राहते. प्रेक्षकांना मात्र हा भाग फार आवडतो. एका माणसाच्या शरीरावर झालेली इजा अडीचशेहून अधिक वर्षांनी त्याच्या आकर्षणाचे साधन म्हणून वापरली जावी, यात काहीतरी खटकते.

आवाजाच्या बाबतीत मात्र या चित्रपटाने प्रामाणिक धडपड केली. आज असा गळा कुणाकडेच नाही, म्हणून एका पोलिश सोप्रानो गायिकेचा आणि एका अमेरिकन काउंटरटेनर गायकाचा आवाज पॅरिसच्या इर्काम या ध्वनिसंशोधन संस्थेत संगणकावर एकमेकांत मिसळण्यात आला. पुढे २००६ मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटातही संगणकाच्या मदतीने असा प्रयोग झाला. ऐकायला हे सुंदर आहे, पण तो फारिनेल्ली नव्हे. तो एक अंदाज आहे. गडबड होते ती हे न सांगता आवाज वापरणाऱ्या माहितीपटांमध्ये. अनेकदा काउंटरटेनर गायकाचे गाणे लावले जाते आणि प्रेक्षक समजतो की कास्त्रातो असेच गात. काउंटरटेनरचे स्वरयंत्र पूर्ण वाढलेले, पुरुषी असते. तो स्वरतंतू ताणून पातळ करतो आणि फक्त त्यांच्या कडा कंप पावतात. त्यातून उंच सूर निघतो. हे कौशल्य आहे, त्यासाठी शरीरात बदल करावा लागत नाही.

दुसरी सोय म्हणजे आलेस्सांद्रो मोरेस्कीच्या ध्वनिमुद्रिका. सिस्टाइन चॅपेलच्या शेवटच्या कास्त्रातींपैकी एक असलेल्या मोरेस्कीचा आवाज १९०२ आणि १९०४ मध्ये व्हॅटिकनमध्येच मुद्रित झाला. एकट्या गाणाऱ्या कास्त्रातोचा हा एकमेव जतन झालेला आवाज, म्हणून तो अनमोल आहे. पण तो फारिनेल्लीनंतर सव्वाशे वर्षांनी, चाळिशी ओलांडलेल्या गायकाचा, भोंग्यासमोर उभे राहून मेणावर कोरलेला आवाज. शैली वेगळी, शिक्षण वेगळे. ते थरथरते सूर ऐकवून फारिनेल्लीची कल्पना देणे म्हणजे जुन्या खरखरत्या तबकडीवरून तानसेनाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतातून कास्त्रातींना कायमचे बाद केले. ही प्रथा आपल्याला वाटते तितकी जुनी नाही.

फारिनेल्लीच्या आयुष्याचा वैद्यकाशी खरा संबंध येतो तो १७३७ नंतर. वय फक्त बत्तीस, कीर्ती शिखरावर, आणि त्याने सार्वजनिक रंगमंच सोडला तो कायमचाच. स्पेनची राणी एलिझाबेता फार्नेसे हिने त्याला माद्रिदला बोलावून घेतले होते. तिचा नवरा, राजा पाचवा फिलिप, वर्षानुवर्षे उदासीनतेने ग्रासलेला होता. तो अंथरुणातून उठत नसे, कपडे बदलू देत नसे, नखे-केस कापू देत नसे. दिवसा झोपे, रात्री दरबार भरवी. कधी आपण बेडूक आहोत असे त्याला वाटे, कधी आपण मेलो आहोत असे. आजचे डॉक्टर या वर्णनात द्विध्रुवीय विकाराची लक्षणे पाहतात, तीव्र भ्रमांसह.

राणीने गायकाला शेजारच्या दालनात गायला लावले, राजाने कान टवकारले, आणि मग तो दाढी करून राज्यकारभारात परतला, असा लोकप्रिय वृत्तांत आहे. नऊ वर्षे रोज रात्री तीच चार गाणी गाऊन फारिनेल्लीने राजाला बरे केले, असेही सांगितले जाते. त्याच्या स्वतःच्या पत्रावरून मात्र चार नव्हे, रात्रीला आठ-नऊ गाणी गावी लागत असे दिसते. आणि राजा बरा झाला नाही. माद्रिदमधल्या ब्रिटिश राजदूताने कळवले होते की फारिनेल्लीचे गाणे संपले की राजा तीच गाणी स्वतः गाऊ लागे, ओरडे, किंकाळ्या फोडी, आणि हे लोकांना दिसू नये म्हणून दरबाऱ्यांची धावपळ होई. १७४६ मध्ये फिलिप वारला, तोवर हा क्रम चालू होता.

संगीताने रुग्णाला थोडी स्वस्थता मिळते, झोप आणि दिनक्रम यांना आधार मिळतो, हे खरे आहे आणि आज उपचारांना जोड म्हणून त्याचा उपयोगही होतो. पण गंभीर द्विध्रुवीय विकाराला औषधे लागतात. तेव्हा ती नव्हती. उपलब्ध असलेला एकमेव दिलासा म्हणजे एक माणूस, जो रोज मध्यरात्रीनंतर गायला हजर राहत असे. फारिनेल्लीकडे गायक म्हणून पाहण्यापेक्षा रात्रपाळीचा सेवक म्हणून पाहिले, तर त्याची ही नऊ वर्षे जास्त नीट समजतात.

पुढचा राजा सहावा फर्डिनांड आणि संगीतवेडी राणी बार्बरा यांच्या काळात त्याला मान मिळाला, राजदरबारच्या ऑपेराची सूत्रे मिळाली, १७५० मध्ये सरदारकीचा किताब मिळाला. एवढी सत्ता हाती असूनही त्याने कुणाचे वाईट केल्याची नोंद नाही. बार्बरा १७५८ मध्ये गेली, फर्डिनांडही वडिलांसारखाच भ्रमिष्ट होऊन वर्षभरात वारला, आणि नव्या राजाने फारिनेल्लीला निरोप दिला.

तो बोलोन्याजवळ आपल्या हवेलीत राहायला गेला. तिथे १७७० मध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट त्याला भेटून गेला आणि संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीही. राणीने वारसा म्हणून दिलेली वाद्ये तो वाजवत बसे. स्वतःचे मूल नव्हते. पुतण्याचे कुटुंब जवळ होते. एप्रिल १७८२ मध्ये मेतास्तासियो व्हिएन्नात वारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फारिनेल्लीही गेला. वय सत्त्याहत्तर.

एवढे दीर्घायुष्य शस्त्रक्रियेमुळे मिळाले, असेही माहितीपटांत सुचवले जाते. कोरियाच्या राजदरबारातल्या ८१ षंढ सेवकांच्या वंशावळींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ते त्यांच्या बरोबरीच्या इतर पुरुषांपेक्षा १४ ते १९ वर्षे जास्त जगले, असे त्यात आढळले. पण १९९३ मध्ये एका जर्मन संशोधकाने ५० कास्त्राती गायकांची तुलना इतर ५० पुरुष गायकांशी केली, तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात अर्थपूर्ण फरक निघाला नाही. दुसरी तुलना फारिनेल्लीला जास्त लागू पडते. तिचा उल्लेख क्वचितच होतो.

फारिनेल्लीला ज्या मठात पुरले होते तो नेपोलियनच्या काळात उद्ध्वस्त झाला आणि त्याच्या पुतण्याच्या मुलीने १८१० मध्ये अवशेष बोलोन्याच्या चेर्तोसा दफनभूमीत हलवले. जुलै २००६ मध्ये ती कबर उघडण्यात आली. हाडे मोडकी होती आणि बरीच झिजलेली. तरीही बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांना त्यात तीन गोष्टी दिसल्या. हातापायांची हाडे लांब होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हाडांवर वाढीच्या पट्ट्यांच्या रेषा अजून शिल्लक होत्या, ज्या एरवी तरुणपणीच बुजून जातात. आणि हाडे ठिसूळ झालेली होती. याशिवाय कपाळाचे हाड आतल्या बाजूने जाड झालेले होते. हा बदल रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये बऱ्यापैकी दिसतो, पुरुषांत अत्यंत क्वचित. शरीरातल्या संप्रेरकांचे संतुलन साठ-पासष्ट वर्षे बिघडलेले असल्याची ती खूण मानली गेली.

यातल्या दोन गोष्टी आजच्या दवाखान्यातही येतात. मुलगा चौदा वर्षांचा होऊनही वयात येण्याची कोणतीच लक्षणे दिसत नसतील, तर तपासणी करून घ्यावी. कालमन सिंड्रोमसारख्या जन्मजात विकारात ही प्रक्रिया आपोआप सुरू होत नाही; अमेरिकन जॅझ गायक जिमी स्कॉट यांचा उंच आवाज त्याच विकारातून आला होता. आता त्यावर संप्रेरकांचे उपचार आहेत. काही मुलांची शरीरवाढ पूर्ण होते, पण आवाज सवयीने बारीकच राहतो. त्यांना चिडवण्याऐवजी वाचातज्ज्ञाकडे न्यावे, स्वरोपचाराने तो बहुतेकदा थोड्याच दिवसांत सुधारतो. दुसरी गोष्ट वयस्कर पुरुषांची. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन रोखणारी इंजेक्शने दिली जातात, कधी वृषणही काढावे लागतात. आजार आटोक्यात ठेवण्यासाठी हे उपचार आवश्यक असतात, पण हाडांचे तेच होऊ लागते जे फारिनेल्लीच्या हाडांचे झाले. म्हणून असे उपचार सुरू करताना हाडांच्या घनतेची चाचणी करून घेतात, आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व गरजेनुसार हाडे बळकट करणारी औषधे सुरू करतात. डॉक्टरांनी ही चाचणी सुचवली नसेल, तर रुग्णाने किंवा घरच्यांनी तिच्याविषयी विचारावे.